खुर्चीचं त्रैराशिक

२ सप्टेंबर

मामासाहेब,

फोनवर तुम्ही "पोचलीस ना, बरं, ठेव" यापुढे जात नाही, आणि काही सविस्तर सांगायला गेलं की कागदावर लिही म्हणता. म्हणून हा कागद.

तिसरं वर्ष सुरू झालं. या वर्षी कुटुंबशास्त्र आणि बालविकास विभागाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक मूल वाटून देतात. घाबरू नका, घरी आणायचं नसतं. विभागाचीच एक बालवाडी आहे, आमच्या वर्गाच्या खाली, तळमजल्यावर. तिथे एका कोपऱ्यात बसायचं, आपल्या वाट्याच्या मुलाकडे वीस मिनिटं बघायचं आणि जे दिसेल ते वेळेसकट लिहायचं. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे. बोलायचं नाही, हसायचं नाही, मदत करायची नाही. भिंतीवरच्या घड्याळासारखं राहायचं.

माझ्या वाट्याला "बालक क्रमांक सात" आली आहे. चार वर्षांची मुलगी, वर्गात सगळ्यात बुटकी. पहिल्या दिवशी मी लिहिलं, "मुलगी चंचल आहे." मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली आणि विचारलं, चंचल कुठे दिसलं तुम्हाला? मी म्हटलं, सारखी हलते. त्या म्हणाल्या, मग तेवढंच लिहा. काय हललं, कधी हललं, किती वेळा. विशेषण हा तुमचा आळस आहे. मामा, एका पानात माझे नऊ आळस निघाले.

आता मुख्य बातमी. बालवाडीतल्या खुर्च्या ओळखीच्या वाटल्या म्हणून एक उलटी करून बघितली, तर बैठकीच्या खाली तुमची खूण. वर्गात मी एकटीच हसत होते आणि नियम मोडत होते. चोवीसच्या चोवीस तुमच्या. तीन वर्षं झाली, एकही डुगडुगत नाही.

तुमची भाची

७ सप्टेंबर

भाचीबाई,

पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, कारण तुझी मामी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिलाही खुर्च्यांची बातमी कळायला हवी होती. तिने फक्त एवढंच विचारलं की मुलांकडे बघायला शिकायला तीन वर्षं विद्यापीठात घालवायची, तर आम्ही दोन पोरं काय डोळे मिटून वाढवली? मी तिला समजावलं की बघणं वेगळं आणि निरखणं वेगळं. ती म्हणाली, बरं, मग निरखा, गॅसवर दूध आहे.

तुझ्या मॅडम मला पटल्या. आठवीनंतर मी कुठल्या वर्गात बसलो नाही, सगळं हाताने आणि डोळ्याने शिकलो, पण हीच गोष्ट मी माझ्या दुकानात तीस वर्षं सांगतो. "फळी वाकडी आहे" असं कोणी म्हटलं की मी विचारतो, किती, कुठून, कुठल्या बाजूला? उत्तर नसेल तर ती फळी सरळ आणि माणूस वाकडा.

खुर्च्या डुगडुगणार नाहीतच. त्यांचं माप मी कसं काढलं ते तुला सांगतो, तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल. तुमच्या कार्यालयाने कळवलं होतं की मुलांची सरासरी उंची शंभर सेंटीमीटर. मी त्रैराशिक मांडलं. मोठा माणूस एकशे पासष्ट, त्याची खुर्ची पंचेचाळीस. तर शंभराच्या पोराची खुर्ची किती? सत्तावीस पूर्णांक सत्तावीस शतांश. मी सत्तावीस धरलं. बाजारातल्या खुर्च्या बघ, कोणी हिशोब केलेला असतो का? नुसता अंदाज. म्हणून माल पाठवताना सोबतच्या कागदावर मी लिहून दिलं होतं, "शास्त्रशुद्ध मापाच्या खुर्च्या." उगाच नाही लिहिलं.

टेबलं मात्र माझी नाहीत. ती तिथल्याच कोणा सुताराकडून करून घेतली. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

आणि ते क्रमांक सात काय आहे? मी लाकडाच्या ओंडक्यालासुद्धा नुसता आकडा देत नाही. सारखी हलते म्हणतेस तर आपण तिला भिंगरी म्हणू. तुझ्या वहीत नको, आपल्या पत्रांत.

एक कानमंत्र. टेबल हललं की अडाणी माणूस वरच्या फळीकडे बघतो. खोट पायांत असते. नेहमी खालून बघायला सुरुवात कर.

मामा

२५ सप्टेंबर

मामासाहेब,

आठ निरीक्षणं झाली. वहीतला एक तुकडा उतरवून पाठवते, विशेषणं गाळून.

"९.४० खुर्चीवर बसली. ९.४१ उजवा पाय खुर्चीच्या पायाला गुंडाळला. ९.४१ बैठकीच्या कडेपर्यंत पुढे सरकली. ९.४२ मागे सरकली. डावा पाय वर घेऊन त्यावर बसली. ९.४३ बाईंनी 'पाय खाली' म्हटलं. पाय खाली सोडला. दोन्ही पाय पुढे-मागे, बारा वेळा. ९.४४ उतरली. खुर्चीमागे उभी राहिली आणि उभ्यानेच मणी ओवले."

वाचताना गंमत वाटते, पण बालवाडीच्या बाईंना गंमत वाटत नाही. वीस वर्षं त्या हे काम करताहेत, वाईट अजिबात नाहीत, मुलं त्यांच्या पदराला चिकटलेली असतात. पण त्यांचं म्हणणं, जे मूल चार मिनिटं जागेवर बसत नाही ते मोठ्या गटात टिकणार नाही. अठ्ठावीस नोव्हेंबरला विभागाची बैठक आहे. तिथे कोणतं मूल पुढे जाणार आणि कोणतं राहणार हे ठरतं. भिंगरीच्या नावासमोर त्यांनी आत्ताच पेन्सिलीने लिहिलंय, "चंचल. लहान गटात आणखी एक वर्ष."

मामा, ती दोऱ्यात एकवीस मणी ओवते, लाल-पिवळा-पिवळा असा क्रम धरून, कुठेही चुकत नाही. उभ्याने. लहान गटात येणारी नवी मुलं अजून मणी तोंडात घालतात. तिला तिथे ठेवलं तर ती काय करेल? आणि तो एक शब्द कागदावर चढला की पुढच्या प्रत्येक बाई तिच्याकडे त्याच शब्दातून बघतील, हे मी पुस्तकात वाचलंय आणि आता डोळ्यांनी बघतेय.

माझी वही बैठकीत ठेवणार आहेत, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा तपासते. उद्यापासून तुमचा कानमंत्र. पाय.

भाची

३० सप्टेंबर

भाचीबाई,

एकवीस मणी, क्रम न चुकता, आणि चंचल? त्या बाईंना सांग की मीसुद्धा तीस वर्षं उभ्याने काम करतो. मला कोणी लहान गटात बसवलं नाही.

मामी म्हणते, बसवायला हवं होतं.

पाय बघितलेस का? काय दिसलं? नुसतं "पाय हलतात" असं लिहू नकोस, मला माप पाहिजे. आणि खुर्च्यांचं पॉलिश कुठे निघालंय का तेही बघ, म्हणजे मोकळी असताना उलटी करून बघ. मुलांना उठवून नको.

मामा

१६ ऑक्टोबर

मामासाहेब,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. मधली परीक्षा होती, आणि थोडा विचारही करत होते.

पाय बघितले. भिंगरी मागे टेकून बसली की तिची पावलं जमिनीला टेकत नाहीत. साडेचार सेंटीमीटर अधांतरी. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, तेवढंच. म्हणजे ती हलत नाहीये, जमीन शोधतेय. तुम्ही स्वतः उंच कट्ट्यावर बसून बघा, दोन मिनिटांत मांडीखाली मुंग्या येतात.

तर फर्निचरच्या उंचीत काहीतरी गडबड आहे, एवढं दिसतंय. अजून तपासते आहे. पॉलिश छान आहे. मामीला नमस्कार.

भाची

२० ऑक्टोबर

भाचीबाई,

मला पहिल्या दिवसापासून शंका होती. टेबल.

सगळं समोर आहे. टेबल उंच केलंय, म्हणून मुलीला मणी दिसायला पुढे सरकावं लागतं. पुढे सरकली की पाय लोंबकळणारच. खुर्ची बिचारी काय करेल? ज्याने ते टेबल केलं त्याने एकदा तरी बालवाडीत पाऊल टाकलं होतं का? मूल डोळ्यांनी बघितलं होतं का? दुकानात बसून माप ठरवायचं आणि माल गाडीत भरायचा, ही असली माणसं आमच्या धंद्याचं नाव घालवतात. त्याच्या हातातला टेप काढून घ्यावा आणि वर्षभर नुसती करवतीची पूड झाडायला लावावी. एका कोवळ्या पोरीच्या नावापुढे याच्यामुळे "चंचल" लागतं, आणि हा झोपतो कसा?

तुझ्या वहीत त्याचं नाव घाल. बैठकीत ठणकावून सांग. भिडस्तपणा करू नकोस, चुकलं ते चुकलं.

मामा

ता. क. मामी म्हणते मी फार चिडलोय. मी चिडलो नाही, मी नेमकं बोललो.

२७ ऑक्टोबर

मामा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं आहे तसं.

टेबल नाही. खुर्ची आहे.

मागच्या पत्रात मी लिहायचं टाळलं, आणि तुम्ही टेबलावर घसरलात तेव्हा मला बरंच वाटलं. पण तुमचं पत्र वाचून मान वर करवेना. मुलं गेल्यावर मी वर्गात मापं घेतली. तुमची बैठक बरोबर सत्तावीस. भिंगरीच्या गुडघ्यामागच्या खळग्यापासून जमीन साडेबावीस. मुलं दारातच बूट काढून येतात, अनवाणी बसतात. जी मुलं उंच आहेत त्यांची बोटं टेकतात आणि ती गप्प बसतात. जी सहा मुलं बुटकी आहेत, ती सहाच्या सहा "हलणारी" आहेत. भिंगरी सगळ्यात बुटकी म्हणून सगळ्यात जास्त.

मॅडमच्या परवानगीने मी तिच्या पायांखाली विभागाच्या जुन्या वार्षिक अहवालांचे दोन गठ्ठे ठेवून बघितले. ती चौदा मिनिटं बसली. दुसऱ्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी सोळा. त्या अहवालांचा इतक्या वर्षांत कोणाला तरी उपयोग झाला.

पण बाईंना पटलं नाही. त्या म्हणाल्या, नव्या गोष्टीचं अप्रूप चार दिवस असतं. आणि त्यांनी कपाटातून तुमचा कागद काढून दाखवला. "शास्त्रशुद्ध मापाच्या खुर्च्या." त्या म्हणाल्या, खुर्ची शास्त्रशुद्ध आहे म्हणून करणाऱ्याने लिहून दिलंय, मग मुलीतच काहीतरी असणार. बैठकीत त्या हाच कागद ठेवणार आहेत.

मॅडमनी मला विचारलं, हे माप कशावरून ठरलं, बनवणाऱ्याला विचारता येईल का? मी म्हटलं, बनवणारा कोण ते माहीत नाही. वहीतही तसंच लिहिलं. तुमचं नाव त्यात यावं असं मला वाटलं नाही.

रागावू नका असं म्हणणार नाही. रागवा, पण लिहा.

भाची

१० नोव्हेंबर

पोरी,

तुझ्या मामांचं पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील, म्हणून मीच चार ओळी लिहिते. माझं अक्षर लावून घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण खुर्चीवर बसले नाहीत, खाली मांडी घालून बसले. तिसऱ्या दिवशी टेप घेऊन घराबाहेर पडले. तेव्हापासून इमारतीतलं एकही पोर सुटलेलं नाही. जिन्यात पोर दिसलं की त्याला भिंतीला उभं करतात, बूट काढायला लावतात आणि गुडघा ते जमीन मोजतात. परवा दुसऱ्या मजल्यावरची बाई विचारायला आली, की तुमच्याकडे मुलांसाठी काही योजना आली आहे का, माझ्या धाकट्याचं नाव राहिलंय. मी म्हटलं, पाठवा, त्याचीही वर्णी लागेल.

काल वहीत आकडेमोड करून मोठ्या आनंदाने मला सांगायला आले की लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, म्हणून पायांच्या वाट्याला कमी येतं. मी म्हटलं, तुमचं तरी काय वेगळं आहे? वही मिटली. मग हसले. बारा दिवसांनी हसले, म्हणून तुला कळवते.

तुला पत्र लिहायला बसतात आणि उठतात. चूक झाली हे यांना कळलंय. ते लिहायचं कसं, हे कोणाकडून शिकलेले नाहीत ना.

मामी

१४ नोव्हेंबर

भाचीबाई,

मामीने लिहिलं हे मला ठाऊक आहे. पाकिटावर पत्ता मीच घातला. आत काय आहे ते विचारलं नाही.

आधी आकडे. मी एकूण सतरा मुलं मोजली, तीन ते सहा वर्षांची. माझी उंची एकशे पासष्ट, अनवाणी गुडघ्यामागचा खळगा जमिनीपासून बेचाळीस. खुर्ची पंचेचाळीस असते कारण आपण बूट घालून बसतो. तुझ्या मुलांच्या पायात बूटच नाहीत, हे मी धरलं नव्हतं. ही चूक क्रमांक एक. दुसरी मोठी. बेचाळीसच्या त्रैराशिकाने शंभराच्या पोराचा खळगा साडेपंचवीसवर यायला हवा. येतो तेवीस, फार तर साडेतेवीस. सतरापैकी एकाचाही त्याच्या उंचीच्या त्रैराशिकाएवढा आला नाही. म्हणजे मूल हे लहान केलेला मोठा माणूस नाही. त्याची घडणच निराळी. ते वाढतं तेव्हा सगळीकडून सारखं वाढत नाही. डोकं आधी पुढे निघून जातं, पाय मागून येतात. हे कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही याचं मला नवल वाटतं. तुझ्या मॅडमना सांग, त्यांना नवीन असेल.

लाकूड सगळीकडून सारखं कापता येतं. त्यामुळे मला तशी सवय लागली.

आता तुझ्यावरचा राग. खुर्ची चुकली म्हणालीस त्याचा राग नाही. म्हणजे आठ दिवस होता, आता नाही. पण "बनवणारा माहीत नाही" असं लिहिलंस त्याचा आहे, आणि राहील. त्या खुर्च्यांखाली माझी खूण आहे. माझी खुर्ची चुकली असेल, पण ती बेवारशी नाही. मला वाचवायला तू तुझ्या वहीत न दिसलेलं लिहिलंस, तेही ज्या वहीत एक विशेषणसुद्धा चालत नाही त्या वहीत. आणि वाचवायचं होतं कोणाला? बावन्न वर्षांच्या घोड्याला की चार वर्षांच्या पोरीला?

वहीतली ती ओळ आधी खोड आणि बरोबर लिही. सोबत विभागप्रमुखांना पत्र जोडलंय. बंद नाही केलं, वाचून घे. एकही शब्द बदलू नकोस.

मामा

१४ नोव्हेंबर

माननीय विभागप्रमुख,

आपल्या बालवाडीतल्या चोवीस खुर्च्या मी केल्या. प्रत्येकीच्या बैठकीखाली माझी खूण आहे.

खुर्च्यांसोबतच्या कागदावर मी "शास्त्रशुद्ध मापाच्या" असे शब्द लिहिले होते. ते मी मागे घेतो. माप काढताना मी एकही मूल मोजलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या खुर्चीवरून हिशोब केला आणि तो हिशोब चुकीचा होता. बैठक मुलांच्या मानाने दीड ते साडेचार सेंटीमीटर उंच झाली आहे. सतरा मुलांची मापं सोबत जोडली आहेत.

आपल्याकडे एक मुलगी खुर्चीवर बसत नाही असं कळलं. त्या खुर्चीवर मीही बसलो नसतो. तिच्या नावापुढे जे लिहायचं असेल ते आधी माझ्या नावापुढे लिहावं, आणि मग तिच्याकडे पुन्हा एकदा बघावं, ही विनंती.

खुर्च्या मी येऊन दुरुस्त करून देईन. दिवस आपण कळवावा.

आपला,
सुतार

२९ नोव्हेंबर

मामा,

काल बैठक झाली.

आधी माझं. वहीतली ओळ खोडली, शेजारी लिहिलं, "बनवणारा माहीत आहे. माझे सख्खे मामा. आधी खोटं लिहिलं होतं." मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, गेले माझे गुण. गुण थोडे गेलेच. पण त्या म्हणाल्या की या वहीतली पूर्णपणे खरी अशी ही पहिली ओळ आहे, कारण ती लिहिताना तुम्हाला त्रास झालेला दिसतोय.

बैठकीत विभागप्रमुखांनी तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. "त्या खुर्चीवर मीही बसलो नसतो" या वाक्याला दोघं-तिघं हसले, पुढच्या वाक्याला नाही. बाई खाली बघत होत्या. मग त्यांनी स्वतःच विचारलं, सहाच्या सहा मुलं बुटकीच आहेत का? मी म्हटलं, हो. त्यांनी कागदावर सहा नावं लिहिली आणि म्हणाल्या, "मी वीस वर्षं 'पाय खाली' म्हणतेय. खाली काय आहे ते बघितलं नाही."

त्यांनी खोडरबर मागितलं. सहाही नावांसमोरचा शब्द खोडला. भिंगरी जानेवारीत मोठ्या गटात जातेय.

आता एक गोष्ट सांगते, मनाला लावून घेऊ नका. मुलाचं डोकं मोठं आणि पाय तोकडे, हा तुमचा शोध आमच्या पुस्तकात पान एक्केचाळीसवर आहे. चित्रासकट, तान्ह्या बाळापासून मोठ्या माणसापर्यंत पाच आकृत्या ओळीने उभ्या आहेत. पहिल्या वर्षी मला परीक्षेत आला होता आणि दहापैकी नऊ मिळाले होते. चित्र तोंडपाठ होतं, मामा, आणि आठ निरीक्षणं मी त्या खुर्चीकडे बघून भिंगरीबद्दल लिहीत राहिले. तुम्ही पुस्तक न वाचता तिथे पोचलात. माझ्याकडे पुस्तक होतं आणि मी पोचले नव्हते. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यांना वर्गात बोलवा, मोजमाप कसं घ्यायचं त्यावर तासभर बोलू दे. मी म्हटलं, तासभरात थांबणार नाहीत.

सहा डिसेंबरला या. माझी परीक्षा आहे त्या सकाळी, मी दुपारी भेटते. टेबलाचं काम केलेल्या सुतारालाही विभागाने बोलावलंय. तुमची खुर्ची खाली गेली की त्याचं टेबल उंच होणार. तुमचं वीस ऑक्टोबरचं पत्र मी त्याला दाखवलेलं नाही.

भाची

९ डिसेंबर

भाचीबाई,

दुपारी तू भेटलीस तेव्हा मॅडम समोर होत्या, मग गाडीची वेळ झाली. सकाळचं सांगायचं राहिलं, आणि तू परीक्षेला बसली होतीस, म्हणून लिहितो.

पान एक्केचाळीसचं मला वाईट वाटलं नाही. पुस्तकवाल्यांनी सतरापेक्षा जास्त मुलं मोजली असतील एवढं मी मानतो.

तो टेबलवाला सुतार माझ्या आधी येऊन बसला होता. शांत माणूस. मी त्याला विचारलं, टेबलाची उंची कशी ठरवली? तो म्हणाला, तुमच्या खुर्च्या आधी आल्या होत्या, त्यांच्यावरून. म्हणजे त्याची चूकही माझीच निघाली. मी त्याला तसं सांगितलं आणि मनातल्या मनात स्वतःलाही बरंच सांगितलं, जे तुला वीस ऑक्टोबरच्या पत्रातून ठाऊक आहे. त्याने मला तंबी दिली ती फक्त करवत धरण्याबद्दल. करवतीचा त्याचा अँगल माझ्यापेक्षा बरा आहे. हे मामीला सांगू नकोस.

आधी सगळी मुलं मोजली. एकेकाला भिंतीला लावून, अनवाणी. मग तीन उंचीच्या खुर्च्या ठरवल्या. साडेबावीसच्या आठ, चोवीसच्या दहा, साडेपंचवीसच्या सहा. पाय बाहेरच्या बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे सरळ कापून चालत नाही. खुर्ची सपाट फळीवर ठेवून चारही पायांवर एकाच उंचीची रेघ मारायची आणि रेघेबरोबर कापायचं. नंतर कडा घासायच्या, नाहीतर कुसळं निघतात. बाई मुलांना घेऊन पलीकडे गाणी म्हणत होत्या, पण अर्धी मुलं आमच्याभोवतीच होती. त्यांनी हाकललं नाही. मला वाटतं त्यांनाही बघायचं होतं.

तुझी भिंगरी आली आणि पाठीमागे हात बांधून उभी राहिली, मोठ्या साहेबासारखी. तुझ्या पत्रांवरून मला वाटलं होतं की फार बडबडी असेल. तशी नाही. कापलेला तुकडा उचलला, नाकाला लावला, परत ठेवला. मग मला विचारलं, खुर्ची का मोडतोस?

मी म्हटलं, मोडत नाही, कमी करतो. चुकून उंच झाली होती.

"कोणी केली होती?"

"मी."

सुतार करवत थांबवून ऐकत होता. मग ती म्हणाली, "किती चुकलास?"

भाचीबाई, मला आजवर गिऱ्हाइकांनी पुष्कळ काही विचारलंय, पण हा प्रश्न इतका सरळ कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, साडेचार सेंटीमीटर. तिला सेंटीमीटर कळत नसणार, म्हणून मी टेपवर दाखवलं. तिने आपला अंगठा आणि तर्जनी टेपच्या दोन्ही रेघांवर ठेवली, तेवढं अंतर तसंच धरून हात उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि त्यातून माझ्याकडे बघितलं.

"एवढंच?" म्हणाली.

मग खुर्चीवर बसली. पावलं दोन्ही जमिनीला टेकली, टाचांसकट. मी वाकून बघितलं. ती उजव्या हाताने मणी वेचायला लागली, पण डावा हात तसाच वर धरलेला, मला दाखवायला. मी टेप लावून बघितला. पावणेपाच भरत होतं. पाव सेंटीमीटर जास्त धरलं होतं तिने.

तेवढं जाऊ दिलं.

मामा